पिलांची राखण करणारा मरळ मारू नका

महोदय,

पावसाळा सुरू झाला की पुण्याच्या आसपासच्या धरणांच्या उथळ कडांना गळ टाकणाऱ्यांची गर्दी होते. पाण्यावर लालसर पिलांचा थवा दिसला, की काहीजण नेमका तिथेच गळ टाकतात. खाली मरळ असणार, हे त्यांना पक्के ठाऊक असते.

मरळ हा आपल्या पाण्यातला पट्टीचा शिकारी. पाणवनस्पतींत दबा धरून बसतो आणि बेडूक, मासे एका झेपेत गिळतो. कल्ल्यांच्या वरच्या खास पोकळीमुळे तो थेट हवेतून श्वास घेतो, म्हणून प्राणवायू घटलेल्या डबक्यातही तगतो. एवढा चिवट मासा फसतो तो पिलांपायी! अंड्यांची आणि पिलांची राखण करताना तो जवळ येईल त्यावर धावून जातो, अगदी गळावरही. तो गेला की उघडी पडलेली पिले इतर माशांच्या तोंडी जातात.

ब्रिटिश लष्करी अधिकारी व निसर्ग अभ्यासक कर्नल साइक्स यांनी १८३९ साली दख्खनच्या माशांचे वर्णन केले, त्यात मरळही आहे. निदान पिलांचा थवा दिसेल तिथे गळ टाकू नये, ही कळकळीची विनंती. मत्स्यव्यवसाय विभागाने धरणांच्या काठी तसे मराठी फलक लावावेत.

– एक वाचक, पुणे