बायोस अपडेट, पिवळे त्रिकोण आणि 'बोर्ड गेलाय'

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पत्र लिहायचं कारण असं की लॅपटॉपचं बायोस (मशीन चालू करणारं, मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर) अपडेट झाल्यावर इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीतले वॉर्निंगचे पिवळे त्रिकोण दाखवून लोकांना घाबरवायचं आणि पैसे काढायचे असा प्रकार माझ्या बघण्यात वारंवार येतोय, आणि पेपरात नवीन फोन कुठला घ्यावा यावर पानंच्या पानं येतात पण याबद्दल कुणी दोन ओळी लिहीत नाही. मी हिंजवडीत सिस्टिम ॲडमिन आहे त्यामुळे आमच्या कोथरूडच्या सोसायटीतले लोक लॅपटॉप घेऊन माझ्याकडे येतात (फुकट आहे म्हटल्यावर जरा जास्तच येतात).

आता बायोससाठी पेनड्राइव्ह वगैरे लावत बसावं लागत नाही, बऱ्याच लॅपटॉपवर विंडोज अपडेटमधूनच फर्मवेअर (म्हणजे बायोससारखं हार्डवेअरमधलं सॉफ्टवेअर) येतं, रात्री मशीन रीस्टार्ट होतं, लोगोखाली पट्टी सरकते आणि झालं. सकाळी पंखा जरा जास्त घरघरला किंवा वायफाय एकदा तुटलं की माणूस दुकानात. तिथला मुलगा इव्हेंट व्ह्यूअर उघडतो, सिस्टिम लॉग सर्रकन खाली ओढतो, वॉर्निंग, एरर, वॉर्निंग, वॉर्निंग, आणि म्हणतो, "काका, बोर्ड गेलाय, अपडेटने उडवला." आमच्या शेजारच्या काकांना टिळक रोडवरच्या एका दुकानाने असंच बोर्ड बदलायचं कोटेशन दिलं होतं, त्या पैशात थोडी भर घातली असती तर नवा लॅपटॉप आला असता.

अहो, तो लॉग म्हणजे सोसायटीच्या गेटवरचं रजिस्टर आहे, दूधवाला आला, कुरिअरवाला आला, सगळं लिहिलेलं असतं, नोंदी खूप आहेत म्हणून चोरी झाली असं होत नाही ना. खोक्यातून काढलेल्या नव्या लॅपटॉपवर पण वॉर्निंग सापडतात. डिस्ट्रिब्युटेडकॉम १००१६ या नंबरची नोंद तर जवळपास प्रत्येकाकडे असते आणि तिच्याकडे दुर्लक्ष करा असं खुद्द मायक्रोसॉफ्टनेच सांगितलंय.

बघायची असते तारीख. सेटिंग्जमध्ये अपडेट हिस्टरीत फर्मवेअर कधी पडलं ते दिसतं, मग सिस्टिम लॉगला फिल्टर लावायचा, क्रिटिकल, एरर, वॉर्निंग एवढंच ठेवायचं आणि त्या तारखेच्या आधीचे आठ-पंधरा दिवस आणि नंतरचे दिवस शेजारी शेजारी ताडून बघायचे. तोच इव्हेंट आयडी (नोंदीचा नंबर) आधीपण येत असेल तर अपडेटला दोष देण्यात काही अर्थ नाही. फक्त उशीर करू नका, सिस्टिम लॉगची साइज मुळात २० एमबी ठेवलेली असते, भरला की जुन्या नोंदी पुसल्या जातात आणि मग ताडायला काही उरत नाही. एवढी खटपट नको असेल तर स्टार्टमध्ये रिलायबिलिटी टाइप करा, रोजचा आलेख येतो, त्यात गडबड कुठल्या दिवसापासून सुरू झाली ते कुणालाही कळतं.

काकांच्या मशीनवर खरंच एक नवीन वॉर्निंग होती, डब्ल्यूएचईए-लॉगर १७ (हार्डवेअरच्या चुका विंडोज या नावाने नोंदवतं), अपडेटच्या रात्रीपासून मिनिटामिनिटाला. दुकानदाराने बोट ठेवलं ते हिच्यावरच. पण ती उघडून वाचली तर पहिल्याच ओळीत करेक्टेड हार्डवेअर एरर असं लिहिलेलं, म्हणजे चूक झाली आणि मशीनने ती तिथल्या तिथे दुरुस्तही केली, आणि खाली कंपोनंट म्हणून पीसीआय एक्स्प्रेस रूट पोर्ट. पीसीआय एक्स्प्रेस म्हणजे आतली कार्डं बोर्डाला जोडणारा रस्ता आणि रूट पोर्ट म्हणजे त्याचं नुसतं दार, दाराआड कोण बसलंय ते डिव्हाइस मॅनेजरमध्ये व्ह्यू मेनूतून डिव्हाइसेस बाय कनेक्शन केलं की दिसतं, आणि त्या पोर्टखाली निघालं वायफाय कार्ड. बायोस अपडेट झालं की बऱ्याचदा आतल्या सेटिंग परत मूळपदावर जातात, तशी इथे पीसीआय एक्स्प्रेसची वीज वाचवायची सोय चालू झाली असावी, कार्ड झोपतं, उठताना अडखळतं, तेवढ्यात एक नोंद. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून चिपसेट आणि वायफायचे नवीन ड्रायव्हर टाकले, पॉवर ऑप्शन्समध्ये लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट (तीच वीज वाचवायची सोय) ऑफ केलं, वॉर्निंग बंद. खर्च शून्य, काकूंनी चहा दिला.

सगळंच सोडून द्या असं मी म्हणत नाहीये. डब्ल्यूएचईए १८ आलं तर ते करेक्टेड नसतं, फेटल असतं, तिथे प्रोसेसर, रॅम, व्होल्टेज तपासायलाच हवं. डिस्कच्या नावाने ७ नंबर आणि बॅड ब्लॉक असं दिसलं तर आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे कॉपी करा मग बाकीचं बोलू. कर्नल-पॉवर ४१ म्हणजे मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं एवढंच, कारण ती सांगत नाही, डेस्कटॉपवाल्यांकडे लाईट गेले तरी तीच नोंद पडते. आणि टीपीएम-डब्ल्यूएमआय १८०१ दिसतंय म्हणून काही जण घाबरलेत, तर सिक्युअर बूटची (मशीन चालू होताना खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) २०११ ची सर्टिफिकेट जून २०२६ पासून संपायला लागतात, नवीन २०२३ ची अजून तुमच्या मशीनमध्ये बसली नाहीत एवढंच ती एरर सांगते. लॅपटॉप त्याने बंद पडत नाही, उलट हा प्रश्न सोडवायला काही मशीनना बायोस अपडेटच लागतं, त्यामुळे "अपडेट कायमचं बंद करून देतो, दोनशे रुपये" म्हणणाऱ्याला नमस्कार करा आणि निघा.

खरा फटका बसतो तो बिटलॉकरचा (डिस्कला कुलूप लावणारं विंडोजचं एन्क्रिप्शन), आणि त्याबद्दल कुणी आधी सांगत नाही. फर्मवेअर बदललं की कधीकधी टीपीएमला (कुलपाची किल्ली सांभाळणारी चिप) मशीन अनोळखी वाटतं आणि निळ्या स्क्रीनवर ४८ आकडी रिकव्हरी की मागतात. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलेल्या बऱ्याच नवीन लॅपटॉपवर एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असतं आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. इथे दुकानात "फॉरमॅट मारावं लागेल" म्हणतात आणि मुलांचे दहा वर्षांचे फोटो जातात, खरं तर ती रिकव्हरी की त्याच अकाउंटमध्ये बहुतेक वेळा पडलेली असते, मोबाइलवरून लॉगिन करून बघता येते. हाताने बायोस अपडेट करणार असाल तर आधी बिटलॉकर सस्पेंड (तात्पुरतं बंद) करा, रिकव्हरी की कागदावर लिहून कपाटात ठेवा, आणि चार्जर लावल्याशिवाय सुरू करू नका, अर्ध्यात वीज गेली तर मात्र बोर्ड खरंच जाऊ शकतो.

याच इव्हेंट व्ह्यूअरवर फोनवरचे भामटे पण जगतात. "मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय, तुमच्या कॉम्प्युटरवर व्हायरस आहे" म्हणत हीच खिडकी उघडायला लावतात, लाल-पिवळे दाखवतात आणि एनीडेस्क (दुसऱ्याला लांबून आपला कॉम्प्युटर चालवू देणारं ॲप) टाकायला सांगतात. मायक्रोसॉफ्ट असा आपणहून फोन करत नाही. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, जितका लवकर तितकं बरं, ज्येष्ठ मंडळींसाठी हा नंबर तुम्ही ठळक छापलात तर फार बरं होईल.

आणि दुकानदार मित्रांना एक विनंती, सगळेच फसवतात असं नाही, चांगले लोक पण आहेत, पण कोटेशनवर नुसतं 'मदरबोर्ड फॉल्टी' न लिहिता कुठला इव्हेंट आयडी, कुठल्या तारखेपासून आणि बोर्ड बदलायच्या आधी कुठला ड्रायव्हर किंवा सेटिंग बदलून बघितलं ते लिहून द्या. गिऱ्हाइकांनीही हे लिहून मागावं, आणि दुकान देत नसेल तर लॅपटॉप उचलून दुसरीकडे न्यावा.

एक वाचक,
कोथरूड, पुणे