बाबांचा स्वेटर

लर्विक, शेटलंड बेटे, स्कॉटलंड
२४ फेब्रुवारी

ती. आईस,
शि. सा. नमस्कार.

बाबांच्या स्वेटरचे काम कुठवर आले, असे तू विचारले होतेस, म्हणून कालचा सबंध दिवस त्याच्यामागे कसा गेला ते सविस्तर लिहिते. विणकाम पुढे सरकले ते जेमतेम दोन बोटे. पण काल जे ठरले, ते ठरल्यावाचून पुढे जाणे शक्यच नव्हते. येथे डिसेंबरात सहा तासही दिवस नसतो आणि दिव्याच्या उजेडात तपकिरी व करड्या छटा नीट पारखता येत नाहीत, त्यामुळे रंगांची निवड मी फेब्रुवारीपर्यंत मुद्दाम राखून ठेवली होती.

ज्या शेजारीणबाईंविषयी मी मागे लिहिले होते, त्या सकाळीच आल्या. त्या वयाने तुझ्याहून मोठ्या आहेत, तरी या गावातली माझी सर्वांत जवळची मैत्रीण त्याच. त्यांना कडेने धरून भर वाऱ्यात कमर्शियल स्ट्रीटवरून चालत आम्ही पोस्ट, औषधांचे दुकान आणि वाचनालय उरकले, हॅडॉक मासा घेतला आणि मग ‘जेमिसन अँड स्मिथ’ यांच्या लोकरीच्या दुकानात शिरलो. या बेटांवरच्या शेतकऱ्यांकडून लोकर विकत घेऊन तिची प्रतवारी येथेच होते. शेटलंडच्या मेंढ्या मुळातच अनेक रंगांच्या असतात, त्यामुळे ‘मूरिट’ नावाचा तांबूस तपकिरी किंवा ‘शीला’ हा गडद करडा रंग रंगवल्याशिवाय मिळू शकतो. बाबांना भडक काही चालत नाही, तेव्हा पार्श्वभूमीला हे दोन आणि नक्षीला सायीसारखा पांढरा, असे माझ्या मनात होते. बाईंनी लडी शेजारी शेजारी मांडून त्यांचा कृष्णधवल फोटो काढायला सांगितला. त्यात मूरिट आणि शीला जवळजवळ एकच दिसले, पांढरा मात्र दोन्हींवर स्पष्ट उठला. नक्षी उठून दिसण्यासाठी रंगापेक्षा उजळ-गडद हा भेद महत्त्वाचा, हे तेथे उभ्या उभ्या पटले.

विणण्याची ही फेअर आइलची पद्धत आहे. त्या चिमुकल्या बेटाच्या नावाने ती ओळखली जाते. ते शेटलंड आणि ऑर्कनी या बेटसमूहांच्या मधोमध समुद्रात आहे. स्वेटरमध्ये रंग कितीही असले तरी एका ओळीत दोनच येतात, आणि ज्याची पाळी नसते तो धागा मागून नेला जातो, म्हणून कापड दुपदरी व उबदार होते. तू एक ओळ सुलट आणि एक उलट विणतेस. येथे स्वेटर नळीसारखा गोल विणतात, त्यामुळे सगळे टाके सुलटच पडतात आणि नक्षी सतत डोळ्यांसमोर राहते. बाह्यांच्या जागी काही जादा टाके विणून ठेवायचे आणि शेवटी त्यांच्या मधून कात्रीने सरळ कापायचे! हे वाचून तुझ्या काळजात धस्स होईल, पण शेटलंडच्या लोकरीचे तंतू एकमेकांना असे धरून राहतात की ती सहसा उसवत नाही.

दुपारी आम्ही खिडकीशी बसलो. बाईंच्या कमरेला घोड्याचे केस भरलेला, भोके पाडलेला चामडी पट्टा होता. त्यात एका सुईचे टोक खोचले की तिचा भार हातावर येत नाही. पूर्वी येथील बायका पाठीवर टोपलीत जळणाचे पीट, म्हणजे दलदलीतली वाळवलेली माती, वाहताना, चालता चालता विणत असत. त्या विणकामाचा मोबदला पुष्कळदा रोख न देता दुकानदार चहा किंवा कापडाच्या रूपात देत, आणि त्याची सरकारी चौकशी १८७२ साली झाली. हे सांगताना बाईंचा आवाज कठोर झाला. मलाही त्या बायकांविषयी फार वाईट वाटले. मी विणते ते हौसेने आणि पाहिजे तेवढ्या सावकाश, एवढी मोकळीक त्यांना कुठली?

अंधार पडेपर्यंत नक्षीच्या पहिल्या पट्ट्याच्या थोड्या ओळी झाल्या. बाईंनी त्यांवरून बोट फिरवून मागचे धागे ताणलेले नाहीत ना, हे पाहिले आणि मान डोलावली.

आता एक काम तुझ्याकडे आहे. बाबांची छाती, खांदा ते खांदा आणि काखेपासून कमरेपर्यंतची लांबी अंगात सदरा असताना मोजून कळव. गोदाकाठी पहाटे फिरायला जाताना ते स्वेटर सदऱ्यावरच घालतील, म्हणून माप सैलसर हवे. जादा टाके कुठून सुरू करायचे ते त्यावरच ठरणार असल्याने तोवर मी काखेच्या खालपर्यंतच विणत राहीन.

बाबांना शि. सा. नमस्कार.

तुझी लेक