सुध्या, अण्णांशी तू बोल

प्रिय सुध्या,

पाकीट बघून घाबरू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. माझी पाठ अधूनमधून कुरकुरते, आईचा बीपी गोळीवर आहे, झालं. फोनच केला असता, पण अण्णा शेजारच्याच खोलीत असतात आणि हा विषय निघाला की रेडिओ मोठा करतात.

अण्णांच्या क्रेडिट कार्डावर व्याज लागलं. अण्णांच्या! तुला सहलीसाठी उसने दिलेले पैसे तारीख घालून वहीत लिहिणाऱ्या, आणि तू परत केल्यावर त्या ओळीपुढे तुझी सही घेणाऱ्या अण्णांच्या. आता कळलं ना, तुलाच का लिहितोय?

झालं असं. बिल आलं ३८,४६० रुपयांचं. त्यातली एक वस्तू बिघडलेली निघाली, ती परत केली होती. तिचे २,१५० रुपये बिल निघाल्यानंतर, पण भरायच्या तारखेच्या आधी कार्डावर जमा झाले. अण्णांनी ते वजा केले आणि ३६,३१० मुदतीच्या आत भरून टाकले. बिलावर त्यांची पेन्सिलीची वजाबाकी अजून आहे, खाली दोन रेघा, बाजूला भरल्याची तारीख. पुढच्या बिलात १,६१२ रुपये व्याज आणि वर १८ टक्के जीएसटी! बँकेचं म्हणणं, रिफंड म्हणजे पेमेंट नव्हे, तेव्हा तुमचे २,१५० थकले.

तू म्हणशील, दोन हजारांवर सोळाशे व्याज कसं? बिल पूर्ण भरलं तरच बिनव्याजी मुदत मिळते. थोडी जरी रक्कम मागे राहिली, तरी बँका सगळ्या खरेदीवर व्याज लावतात, तेही खरेदीच्या दिवसापासून, आणि नव्या खरेदीलाही मुदत मिळत नाही. दर महिन्याला पावणेचार टक्के, म्हणजे वर्षाला ४५. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली ३० टक्क्यांच्या वरचं कार्डाचं व्याज अनुचित व्यापारी प्रथा ठरवलं होतं, पण डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. त्यामुळे दरावर भांडण्यात अर्थ नाही. आणि अण्णांचं भांडण दराशी नाहीच.

त्यांचं म्हणणं एवढंच की मी थकवलं नाही. आणि सुध्या, ते शंभर टक्के बरोबर आहेत! रिझर्व्ह बँकेने २०२२ साली कार्डांबाबत जे निर्देश काढले, ते मी रात्री बसून वाचले. त्यात स्पष्ट म्हटलंय की भरायच्या तारखेआधी रिफंड जमा झाला आणि बिल भरायचं बाकी असेल, तर तो ताबडतोब देय रकमेत वळता करायचा आणि ग्राहकाला तसं कळवायचं. अण्णांनी पेन्सिलीने जे केलं, ते करणं बँकेचं काम होतं. न भरलेल्या शुल्कावर आणि करावर व्याज चढवायचं नाही, हेही त्यातच आहे. पुढचं बिल आलं की तेही तपासणार आहे.

मी बँकेला लेखी तक्रार केली, दोन्ही बिलं जोडली, रिफंडच्या ओळीवर खूण केली. मग एका मुलीचा फोन आला. बिचारी फार नम्रपणे बोलत होती. म्हणाली, ‘सर, तुम्ही जुने ग्राहक आहात, या खेपेला आम्ही व्याज सोडतो, पुढच्या वेळी मात्र बिल पूर्ण भरा.’ फोन स्पीकरवर होता. अण्णा उठले, मला म्हणाले, ‘सूट घ्यायची नाही. त्यांना सांग, व्याज घ्या आणि कार्ड बंद करा.’ दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः सगळी रक्कम भरली आणि कात्रीने कार्डाचे चार तुकडे केले. तेव्हापासून घरात कुणी हा विषय काढायचा नाही. या वयात त्यांना कुणीतरी ‘वेळेवर भरत जा’ म्हणावं, हे मला सहन होत नाही रे.

आता तू म्हणणार, दोन हजारांसाठी कशाला, सोडून दे. खोलीच्या डिपॉझिटच्या वेळीही हेच म्हणालास, आणि मला न विचारता अर्ध्यावर तोड करून मोकळा झालास. तेव्हा मी चुकीचा नव्हतो, अजूनही नाही. वैजूने मध्यस्थी केली म्हणून आपण परत बोलायला लागलो, नाहीतर तू आजही माझी सायकल वापरत असतास आणि मी पायी चालत असतो.

बँकेचं उत्तर पटलं नाही किंवा तीस दिवसांत आलंच नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं. ऑनलाइन तक्रार, फी नाही. वकील लागत नाही, मी अण्णांचा प्रतिनिधी म्हणून करू शकतो. पण कार्ड त्यांच्या नावावर, म्हणून अधिकारपत्रावर सही त्यांचीच हवी. आणि ती ते करत नाहीत. व्याज भरलं म्हणून तक्रारीचा हक्क जात नाही, हे सांगून पाहिलं. ‘आपण भरलं, विषय संपला’ म्हणतात. मला पैसे नकोत, बँकेने लिहून द्यायला हवं की हिशोब चुकला होता, व्याज मागे घेतलं. तेवढं पत्र त्यांच्या फाइलला लागलं पाहिजे.

त्यांना वाटतं मी त्यांच्यासाठी कुणापुढे तरी हात पसरतोय. माझं ऐकत नाहीत. तुझं ऐकतात, का ते देव जाणे, वहीत नाव तर तुझंच आहे! रविवारी सकाळी त्यांना फोन कर. माझं नाव काढू नकोस. तुझ्या बिलाचं काहीतरी विचार, रिफंड वजा करायचा का म्हण, मग ते आपणहून बोलतील. बोलले की अधिकारपत्राचं काढ.

बाकी, बदलीचं काय झालं? काकूंचा डोळा आता कसा आहे, दोन्ही झाले की एकच? पोरीला दहावीच्या शुभेच्छा सांग, गणिताची धास्ती घेऊ नको म्हणावं. नंदूला फोन लागत नाही, नवा नंबर असेल तर पाठव.

रविवारी. दहाच्या आत कर, नंतर ते बागेत जातात आणि फोन घरी ठेवतात.

तुझा,
मिलिंद