१४ मार्चच्या यादीबद्दल

गिरगाव, मुंबई

प्रिय मनू,

अनेक आशीर्वाद.

रेडिओसाठी तू काढलेली १४ मार्चची यादी वाचली. आईन्स्टाईनपासून आमिर खानपर्यंत कुणी म्हणून सुटलेलं नाही. पण दीड मिनिटात हे सगळं वाचायचं म्हणजे फलाटावरची घोषणा होईल गं. शाळेच्या फळ्यावर दिनविशेष लिहिण्यात माझी सगळी नोकरी सरली, तेव्हा चार गोष्टी सांगते. पटल्या तर घे.

आधी जन्मदिवस बाजूला काढ. १४ मार्च १८७९ ला जर्मनीतल्या उल्म गावी आईन्स्टाईनने काय केलं? रडला असेल. त्याचं काम सांगायचं तर १९०५ साल सांग. शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग २०१८ साली याच तारखेला गेले, म्हणून लोक दोघांची जोडी लावतात. वर हॉकिंग जन्मले तेव्हा गॅलिलिओला जाऊन बरोबर तीनशे वर्षं झाली होती, हेही कौतुकाने सांगतात. खुद्द हॉकिंगनी त्यावर म्हटलंय, की माझ्या अंदाजाने त्या दिवशी आणखी दोनेक लाख मुलं जन्मली असतील! तारखांच्या योगायोगाचं एवढंच मोल. तुला त्यांच्याबद्दल बोलायचंच असेल तर ८ जानेवारीपर्यंत थांब. २००१ साली टीआयएफआर या इथल्या संशोधन संस्थेच्या परिषदेसाठी ते मुंबईत आले होते आणि त्यांचा एकोणसाठावा वाढदिवस इथेच झाला. मुंबईकर श्रोता कान देईल.

‘पाय दिवस’, म्हणजे गणितातल्या π चा दिवस, एका वाक्यात उरक. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका विज्ञान संग्रहालयात १९८८ साली सुरू झाला, पुढे युनेस्कोने हाच दिवस आंतरराष्ट्रीय गणित दिवस म्हणून जाहीर केला. अमेरिकेत महिना आधी लिहितात म्हणून ३.१४ जमतं. आपण तारीख आधी लिहिणारी माणसं, शाळेत बावीस छेद सात शिकलेली. आपला पाय दिवस खरं तर २२ जुलैला यायचा. आणि होळी यादीतून काढून टाक. २०२५ साली धुळवड १४ मार्चला आली होती, पण ती तिथीने येते. दरवर्षी तीच तारीख वाचलीस तर पंचांगवाले तुला सोडणार नाहीत.

मार्क्स १८८३ साली याच दिवशी लंडनमध्ये गेला. तू त्याला तिसऱ्या ओळीत टाकलंयस. एवढ्या माणसाला एक ओळ देण्यापेक्षा न दिलेली बरी.

पुण्यतिथ्यांत मी फक्त दोन ठेवीन, सुरेश भट आणि विंदा. भट २००३ साली गेले, विंदा २०१० साली. अमरावतीच्या भटांनी मराठी गझल उभी केली. विंदा कोकणातले, देवगडकडचे, पण मुंबईत इंग्रजी शिकवत आयुष्य काढलं आणि ज्ञानपीठ मिळवलं. बापट-पाडगावकरांबरोबर त्यांनी गावोगाव जाऊन कविता म्हटल्या, लोक तिकीट काढून ऐकायला बसायचे. ‘थोर कवी’ वगैरे काही म्हणू नकोस. विंदांच्या आवाजातलं कवितावाचन तुमच्या संग्रहात असेल तर वीस सेकंद तेच लाव.

उरला वेळ मॅजेस्टिकला दे. आपल्या गिरगावातल्या मॅजेस्टिक थिएटरात १४ मार्च १९३१ ला ‘आलम आरा’ लागला, हिंदुस्थानातला पहिला बोलपट. शनिवार होता. दारात इतकी झुंबड उडाली, की आवरायला पोलीस आणावे लागले. चार आण्यांचं तिकीट काळ्या बाजारात चार-पाच रुपयांना गेलं म्हणतात. दिग्दर्शक आर्देशीर इराणींनी तो रात्री-रात्री जागून चित्रित केला, कारण स्टुडिओ रेल्वेच्या रुळांजवळ. दिवसा गाड्यांचा खडखडाट आवाजात घुसायचा, म्हणून शेवटची गाडी जाऊन पहिली येईपर्यंत जो वेळ मिळेल तो त्यांचा. आवाज आणि चित्र एकाच फिल्मवर एकदम उतरत होतं. माइक कॅमेऱ्याला दिसणार नाही असा कुठेतरी दडवायचा, वाजवणारेही आडोशाला. पार्श्वगायन नव्हतंच, ज्याची भूमिका त्यानेच गायचं. फकिराच्या वेषातल्या वझीर महंमद खान यांनी म्हटलं ते आपल्या सिनेमातलं पहिलं गाणं. एकूण सात गाणी होती. आज दर चित्रपटात गाणी हवीतच असा जो हट्ट आहे, त्याची सुरुवात इथली.

त्यातली गंमतही सांग. नायक मास्टर विठ्ठल, मूकपटांतला मोठा मराठी नट. त्याची उर्दू काही वळेना, म्हणून बोलपटाच्या नायकालाच कथेत बराच वेळ गुंगीत ठेवला असं सांगतात. आणि जुन्या कंपनीशी करारावरून जो दावा झाला, त्यात त्याचे वकील होते बॅरिस्टर जिना.

थिएटर पाडलं, जागेवर दुकानं आली. सिनेमाची एकही प्रत उरलेली नाही, म्हणजे गिरगावकरांनी त्या शनिवारी जे ऐकलं ते आता कुणालाच ऐकता येणार नाही. रेडिओवर याहून मोठी बातमी कुठली? याला दिनविशेष म्हणतात. त्या दिवशी, त्या जागी काहीतरी झालं आणि दुसऱ्या दिवसापासून लोक वेगळं वागू लागले.

तुझ्या यादीत नसलेलं एक माझ्याकडून. १४ मार्च २००१, कोलकात्याचं ईडन गार्डन्स, ऑस्ट्रेलियाने आपल्याला फॉलोऑन दिलेल्या कसोटीचा चौथा दिवस. लक्ष्मण आणि द्रविड सकाळी मैदानात उतरले ते संध्याकाळी नाबाद परतले. दिवसभरात ३३५ धावा, विकेट एकही नाही. माझी परीक्षेची ड्युटी होती. आमचा शिपाई पुरवण्या द्यायच्या निमित्ताने दारात यायचा आणि तोंडातल्या तोंडात स्कोअर पुटपुटून जायचा. त्या दिवशी पुरवण्या फार लागल्या! मागच्या बाकावरच्या एका मुलाने लिहिता लिहिता मान वर करून नुसत्या भुवया उडवल्या, मी बोटांनी ‘चार’ दाखवले. नियमात बसत नाही, पण चारच्या पुढे विकेट जात नव्हत्या हे कळायला त्याला तेवढं पुरलं.

दिवस संपला तेव्हा सामना अर्धवटच होता, म्हणून १४ ला निकाल फोडू नकोस. ‘पुढचं उद्या’ म्हणून थांब आणि १५ ला हरभजनसकट विजयाचे १७१ धावांचे आकडे दे. ऐकणारा दुसऱ्या दिवशी परत येईल.

बाबांना रात्री फोन कर, लक्ष्मणची त्या दिवसाची संख्या त्यांना माझ्यापेक्षा पाठ आहे.

तुझी,
आई