शुभे, एवढं आठवून सांग

सातारा, रविवार रात्र

प्रिय शुभे,

दिवाळीपासून ना पत्र, ना फोन. त्याबद्दल मला मनसोक्त बोल, पण आधी एक आठवून सांग. ९८ च्या मे महिन्यात मनूच्या अंगावर जे उठलं होतं, त्या कांजिण्याच होत्या ना? की गोवर? तू संजूला अंगात ताप असताना आमच्याकडे घेऊन आलीस म्हणून मी चार महिने तुझ्याशी बोलले नव्हते, तेच वर्ष.

मला नागीण झालीय. डावीकडे, कण्यापासून बेंबीपर्यंत पट्टा. कपडा टेकला तरी भाजतं, बाकी ठीक. जीव टांगणीला लागलाय तो मनूसाठी. तिला सातवा लागलाय, ओटभरणाला आलीय.

आधी तीन दिवस नुसतंच दुखत होतं. गाद्या उन्हात टाकल्या, लचक भरली असेल असं वाटलं. मग पुरळ उठलं. शेजारच्या काकूंनी तांदूळ-दुर्वांचा लेप दिला नि बजावलं, "तोंड-शेपूट जुळू देऊ नका." अगदी तुझ्या आजीचं वाक्य! आजोबांना झाली तेव्हा आपण दाराआडून रोज बघायचो, जुळली का म्हणून. माझा हात पाठीमागे पोचेना, म्हणून लेप मनूने लावला. बोटांनी. पाण्याने टच्च भरलेले फोड, त्यातला एक तिच्या नखाने फुटला. "दुखलं का गं आई?" म्हणाली.

डॉक्टरांकडे गेले ती पुरळ उठल्याच्या चौथ्या दिवशी. गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू झालेल्या बऱ्या असतात. नवे फोड येतच होते म्हणून तरीही दिल्या. असायक्लोव्हिर ८००, दिवसातून पाचदा, सात दिवस. त्यांनी कागदावर कणा काढून समजावलं. कांजिण्या बऱ्या होतात, पण त्यांचा विषाणू नसांच्या मुळाशी दडून राहतो. वय झालं, प्रतिकारशक्ती उतरली की एखाद्या नसेच्या वाटेने बाहेर येतो. ती नस अंगाच्या एकाच बाजूला असते, म्हणून पट्टा मध्यावर थांबतो. जुळण्याची भीती खोटी. पण शुभे, आजोबा पुढे वर्षभर सदरा अंगाला लावून घेत नव्हते ना, ते खरं होतं गं. पुरळ गेल्यावरही नस महिनोन्महिने ठणकू शकते. आपण हसायचो त्यांना.

मग डॉक्टरांनी विचारलं, घरात कोण कोण आहे? माझ्या पायांखालची जमीन सरकली. फोडातल्या पाण्यातून दुसऱ्याला नागीण होत नाही. पण ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत, त्याला त्या होऊ शकतात, आणि पोटुशी बाईला झाल्या तर न्यूमोनियाचं भय. मनूचं रक्त तपासायला दिलंय, कांजिण्यांशी लढणारी प्रतिपिंडं आहेत का बघायला. नसली तर संरक्षक इंजेक्शन दहा दिवसांच्या आत द्यावं लागतं. सहा गेले. रिपोर्ट मंगळवारी. तोवर खपल्या धरेपर्यंत पट्टा झाकून ठेवायचा. माझा टॉवेल, अंथरूण वेगळं. ती जवळ आली की मी उठून जाते, आणि ती रुसते.

फोनवर हे बोलता येत नाही, ती आसपासच असते. म्हणून लिहून फोटो पाठवतेय.

तुझा गुडघा कसा आहे? नव्या घराची पूजा चुकली, माफ कर. सुनेला आशीर्वाद. आणि हे बघ, पन्नाशीनंतर नागिणीची लस घेता येते, २०२३ पासून आपल्याकडे मिळते. दोन डोस, मध्ये दोन ते सहा महिने. महाग आहे, तरी डॉक्टरांना विचार. लहानपणी आपल्याला कांजिण्या एकदमच झाल्या होत्या, म्हणजे तुझ्याही नसांत तो बसलेलाच आहे.

संजूच्या भुवईवर कांजिणीचा खळगा होता ना, मसुराएवढा? मनू झोपल्यावर मघाशी बॅटरी लावून पाहिलं. तिच्या कानामागे तसाच एक आहे. त्याचा अजून आहे का बघ, आणि कितीही वाजले तरी मला फोन कर. तेव्हा तुला काय काय बोलले मी! आता देवाला एवढंच मागतेय, की त्या तूच आणलेल्या कांजिण्या असू देत.

तुझी,
नंदा