डोक्याला मेंदी लावलेले कुरव

बारामती,
2 मार्च

प्रिय संज्या,

तुझं लेहचं पत्र पोचलं. तिकडे अजून नळ गोठतायत आणि इकडे आमचे पंखे सुरू झालेसुद्धा.

परवाच्या रविवारी कुंभारगावला जाऊन आलो. साडेसहाला होडीत. उजनीचं पाणी उतरायला लागलंय. धरण 117 टीएमसीचं, पण भिगवणकडच्या या फुगवट्यात होडीवाल्या मामांची काठी कमरेएवढ्या पाण्यात तळाला टेकते. त्या उथळ गाळासाठीच फ्लेमिंगो येतात, आणि फ्लेमिंगोंसाठी पुण्याचे कॅमेरे. मी मात्र कुरव, म्हणजे आपले सीगल, बघत बसलो. तेच रे, मांडव्याच्या लाँचमागे आपण ज्यांना शेव टाकायचो!

इथेही तोच उद्योग. शेजारच्या होडीतल्या पोरांनी फरसाणाची पुडी फोडली आणि पाच मिनिटांत शंभरेक कुरव डोक्यावर. मला ते पटत नाही. मासे खाणाऱ्या पाखराला तळलेलं बेसन कशाला? (मांडव्याचं पाप आपल्या खात्यावर आहेच, माहितीये.) पण खोटं कशाला बोलू, त्या पुडीमुळेच एक कुरव माझ्यापासून हातभर अंतरावर वाऱ्यावर तरंगत राहिला. लाल चोच, टोकाला काळी. लाल पाय पोटाशी दुमडलेले. डोळा फिकट पिवळसर, भोवती बारीक लाल कड. पंखाच्या काळ्या टोकात पांढरे ठिपके. म्हणजे तपकिरी डोक्याचा कुरव. त्याच्यासारखाच दिसणारा काळ्या डोक्याचा कुरव असतो, त्याचा डोळा गडद.

तू म्हणशील, डोक्यावरून ओळखायचं सोडून डोळ्यात कसला बघतोस? अरे, हिवाळ्यात दोघांचंही डोकं पांढरंच! कानामागे काजळाच्या तिटीएवढा डाग, बस. मी तीन हिवाळे फसलो. त्यात पहिल्या वर्षाच्या पिल्लांचा डोळाही गडद, ती मी बिनदिक्कत काळ्या डोक्याच्या खात्यात लिहीत होतो. शेपटीच्या टोकाची काळी पट्टी बघायची अक्कल आत्ता आली. जुनी वही अर्धी खोडावी लागणार.

पण परवा काहींच्या डोक्यावर रंग चढायला लागला होता. कुठे ठिगळ, कुठे नुसती हनुवटी. मेंदी लावता लावता दाराची बेल वाजली म्हणून उठून आलेले काका असतात ना, तसे.

बाकी नेहमीचे यशस्वी कलाकार हजर होते. पाण्यातल्या वठलेल्या झाडावर कैकर हा शिकारी पक्षी मासा सोलत बसला होता. नदी सुरय सूर मारून मासा आणायचा आणि कुरव तो हिसकायला मागे लागायचे. स्वतः सूर मारायचे कष्ट नकोत! वारकरी पक्ष्यांची दिंडी नेहमीसारखी कडेकडेने. पट्टकादंब हंस पलीकडच्या हरभऱ्यात घुसले होते, शेतकरी डबा वाजवत होता. परतताना चिलापीचं कालवण आणि भाकरी. तुझ्या नावानं एक तुकडा जास्त खाल्ला.

आता काम ऐक. हे कुरव आणि हे पट्टकादंब, दोघंही तुमच्या लडाखात घरटी करतात. जूनमध्ये सुट्टी मिळाली तर त्सो मोरिरीला जा. साडेचार हजार मीटर उंचीवर, तेव्हा धापा टाकत का होईना, पण बघ. तिथे त्यांची डोकी पूर्ण तपकिरी झालेली असतील. मी हे पाखरू आयुष्यात तसं पाहिलेलं नाही. फोटो काढ, डोळा स्पष्ट येऊ दे.

आणि शेव नेऊ नकोस.

तुझा,
बाळ्या