छोटीच्या लग्नाच्या खर्चाबद्दल थोडं सविस्तर

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार, आणि छोटीला अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर बाबा बोलता बोलता म्हणाले, "कमी पडलेच तर कर्ज काढू, लग्न काही रोज होत नाही." त्यावर आई काहीच बोलली नाही. तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय. फोनवर एकाचं बोलणं संपायच्या आत दुसऱ्याचं सुरू होतं, म्हणून हे पत्र लिहायला बसले. तिघांनी एकत्र बसून वाचा.

बाबा, कर्ज काढू नका. मला कळकळीने सांगायचं आहे ते एवढंच, पुढचं सगळं त्यासाठीच लिहिलंय. छोटीचं लग्न सुंदर व्हावं याबद्दल आपल्यात दुमत नाही. पण आपल्याजवळ आहे तेवढ्यात ते होतं, खरोखर होतं. एका दिवसाचे हप्ते पुढे कित्येक वर्षं फेडायचे, आणि ते फेडताना छोटीने माहेरी आल्यावर तुमचे थकलेले चेहरे बघायचे, हे तिला तरी चालेल का? तिलाच विचारा.

बहुतेक घरांत आधी हॉल बघून येतात. तो आवडतो, मग त्याला शोभेल अशी सजावट, त्या सजावटीला शोभतील असे कपडे, असं एकेक वाढत जातं आणि एकूण रक्कम शेवटी कळते. आपण उलट करू. आधी रक्कम ठरवू. निवृत्तीचे पैसे आणि आजारपणासाठी ठेवलेली ठेव यांना हात न लावता जे उरतं, त्यात मी पाठवणार आहे ते मिळवा, आणि व्याह्यांशी कोणता खर्च कोणी उचलायचा हे स्पष्ट बोलून घ्या. संकोचाने न बोललेल्या गोष्टींतूनच पुढे मनं दुखावतात. जी बेरीज येईल तिचा दहावा हिस्सा लगेच बाजूला काढा आणि तो नाहीच असं समजा. आयत्या वेळी पाऊस येतो, गाडी वाढवावी लागते, वीज जाते, त्यासाठी तो लागेल. उरलेली रक्कम म्हणजे आपलं लग्न.

आता पाहुण्यांच्या यादीबद्दल. मी यावर जरा जास्त लिहिणार आहे, कारण खरा खर्च इथे ठरतो. लग्नातले काही खर्च एकदाच लागतात. छायाचित्रकार दोनशे माणसं असली तरी तेवढेच घेतो आणि चारशे असली तरी साधारण तेवढेच. काही खर्च मात्र डोईमागे वाढतात: ताट, खुर्ची, पत्रिका, वाढपी, पाहुण्यांची राहण्याची सोय, ने-आण. पत्रिकेवरची एखादी ओळ सोनेरी केली नाही तर थोडे पैसे एकदाच वाचतात. ४०० ऐवजी २५० माणसं बोलावली तर १५० ताटं तर वाचतातच, शिवाय लहान हॉल पुरतो, तो थोड्या फुलांत भरलेला दिसतो, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे छोटी प्रत्येकाशी दोन शब्द बोलू शकते. मोठ्या लग्नांत नवरा-नवरी तासन्‌तास उभी असतात आणि समोरून फक्त रांग सरकत असते. मला तिचं लग्न तसं व्हायला नको आहे.

मला माहीत आहे बाबा काय म्हणतील. "ज्यांच्या घरच्या कार्यात आपण जेवून आलो, त्यांना कसं वगळायचं?" हे तुमचं म्हणणं मला पटतं, आणि त्याला एक आधारही सापडला. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठातल्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये ३,००० हून अधिक विवाहित किंवा पूर्वी विवाहित असलेल्या अमेरिकन लोकांची माहिती तपासली. अंगठीवर आणि लग्नावर जितका जास्त खर्च, तितकं लग्न मोडण्याचं प्रमाण त्यांना सर्वसाधारणपणे जास्त आढळलं. पण ज्यांच्या लग्नाला जास्त माणसं आली होती, त्यांची लग्नं जास्त टिकलेली दिसली. एकामुळे दुसरं घडतं असं यातून सिद्ध होत नाही, आणि तो अभ्यास तिथल्या लोकांपुरता आहे. तरी मला वाटतं, आपण ज्या पेचात आहोत नेमका तोच त्यात आहे: माणसं हवीत, थाट नको.

म्हणून मी सुचवते की याद्या दोन करा. पहिलीत ती माणसं, ज्यांच्यावाचून छोटीला तो दिवस अपुरा वाटेल. ती विधीला आणि जेवणाला. दुसरीत बाकीचे सगळे स्नेही, शेजारी, बाबांचे जुने सहकारी. त्यांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दुपारी, दोन जेवणांच्या मधल्या वेळेत, भेटायला आणि आशीर्वाद द्यायला बोलवा. पत्रिकेत वेळ स्वच्छ लिहा, म्हणजे जेवणाची अपेक्षा ठेवून कोणी येणार नाही आणि कोणाचा मानही दुखावणार नाही. अशा भेटीत थोडं खाणं, भरपूर बसायची जागा आणि मोकळा वेळ एवढंच लागतं. शंभर माणसं वगळण्यापेक्षा त्यांना वेगळ्या वेळी बोलावणं मला कितीतरी चांगलं वाटतं.

पहिली यादी करताना प्रत्येक नावापुढे छोटीने स्वतः खूण करायची. आपण बाकीच्यांनी नाही, तिने आणि होणाऱ्या नवरदेवाने.

दिवस शक्यतो आठवड्याच्या मधला घ्या, गर्दीचे मुहूर्त सोडून. त्या दिवशी जागेचे मालकही भाव कमी करायला तयार असतात आणि चांगली माणसं कामाला मिळतात. विधी आणि जेवण एकाच जागी ठेवा. दोन जागा म्हटल्या की सजावट दोनदा, गाड्या दोनदा, आणि म्हातारी माणसं उन्हातान्हात दोनदा हलवायची. जागा अशी बघा जिथे झाड, अंगण, जुना दगडी ओटा, असं काहीतरी मुळातच छान आहे. रिकाम्या चार भिंती सुंदर करायला जो पैसा लागतो, तो तिथे लागतच नाही. आणि दिवसाचा कार्यक्रम ठेवलात तर निम्म्या रोषणाईची गरजच उरणार नाही.

संध्याकाळचं ठरलं तर दिव्यांचा रंग मात्र आधी विचारा. बल्बवर केल्विनचा आकडा असतो. २७०० च्या आसपासचा उजेड पिवळसर, उबदार असतो आणि त्यात सगळ्यांचे चेहरे छान दिसतात. ६५०० चा पांढरा उजेड दुकानात ठीक, लग्नात नको. दोन्ही बल्बच्या किमतीत फारसा फरक नसतो, पण दिसण्यात खूप असतो.

फुलं त्या महिन्यात आपोआप फुलणारीच घ्या. बिगरमोसमी फूल हरितगृहात वाढतं, शीतगृहात राहतं, लांबून येतं, आणि त्या सगळ्याचं भाडं त्याच्या किमतीत असतं. शिवाय ते पुष्कळदा लवकर मान टाकतं. सगळीकडे थोडी थोडी फुलं लावली की कुठेच काही दिसत नाही. ती दोनच ठिकाणी लावा, दारात आणि ती दोघं बसतील त्याच्या मागे, पण तिथे भरगच्च. पत्रिका कमी संख्येत लागणार असतील तर डिजिटल छपाई करून घ्या. ऑफसेटला आधी प्लेट बनवाव्या लागतात, तो खर्च थोड्या प्रतींवर फार पडतो, हजारोंत छापल्या तरच परवडतो. खरं तर वडीलधाऱ्यांपुरत्या छापून बाकीच्यांना फोनवर पाठवल्या तरी चालेल, फक्त पाठवल्यावर प्रत्येकाला एक फोन करायचा. ते काम मी इथून करीन.

छोटी, कपड्यांबद्दल तुला एक गोष्ट सांगते. मी राहते त्या ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धात, १९४१ पासून, कपड्यांवर रेशन होतं आणि ते युद्ध संपल्यावरही काही वर्षं चाललं. नोव्हेंबर १९४७ मध्ये राजकन्या एलिझाबेथचं लग्न झालं तेव्हाही ते चालूच होतं. तिच्या पोशाखासाठीसुद्धा कुपनं लागली. सरकारने तिला थोडी जास्तीची दिली. देशभरातल्या बायकांनी आपापली कुपनं तिला पाठवली, पण दुसऱ्याची कुपनं वापरणं बेकायदा होतं, म्हणून ती परत करावी लागली. मला यातल्या त्या अनोळखी बायकांचं फार कौतुक वाटतं. स्वतःला कपडा मिळायची मारामार, आणि तरी त्यांना वाटलं की एका मुलीच्या लग्नात आपलाही धागा असावा. तुझ्यासाठी असे धागे घरातच आहेत. आईचं लग्नातलं वस्त्र नीट ठेवलेलं आहे. ते उसवून, तुझ्या मापाचं करून, हवं तर त्याचा काही भाग नव्यात घालून एखादी चांगली शिंपीण सुंदर काम करील. मनाला पटलं तरच हो म्हण. आईला बरं वाटावं म्हणून नको. भाड्यानेही फार छान पोशाख मिळतात, पण घेताना डाग, शिवण आणि परत करायची तारीख लिहून घ्यायची.

गंमत म्हणजे त्याच १९४७ साली एका अमेरिकन जाहिरात संस्थेतल्या लेखिकेने डी बिअर्स या हिऱ्यांच्या कंपनीसाठी हिरा चिरंतन असतो अशा अर्थाची ओळ लिहिली, आणि हिऱ्यावाचून लग्न नाही ही समजूत पुढे जगभर पसरली. दागिना घ्यायचाच असेल तर रोज घालता येईल असा एकच घ्या. घडणावळीचे पैसे मोडताना परत मिळत नाहीत, म्हणून जितकं नक्षीकाम जास्त तितकी तूट जास्त. हिरा विकायला गेलं तर बहुधा दुकानातल्या भावाच्या बराच खाली जातो. हे सगळं बाबांना माहीत आहे, पण दुकानात उभं असताना आठवत नाही.

छायाचित्रांवर मात्र काटकसर करू नका, असं माझं ठाम मत आहे. मात्र छायाचित्रकाराला पूर्ण दिवस अडकवायची गरज नाही. मोजके तास ठरवा आणि त्या तासांत काय हवं ते आधी लिहून द्या: आजीबरोबर एक, दोन्ही घरं एकत्र, ती दोघंच. कुटुंबाचे फोटो सूर्य कलल्यावर काढायला सांगा, भर दुपारी डोळ्यांखाली सावल्या पडतात. आणि एक विचारून घ्या, फोटो एकाच वेळी दोन कार्डांवर साठवले जातात का? एक कार्ड बिघडलं तर तो दिवस पुन्हा येणार नाही.

बाबा, आता तुमचं काम. ज्याला ज्याला इसार द्याल त्याच्याकडून कागदावर लिहून घ्या. ओळख असली तरी, किंबहुना ओळख असली तर जास्तच. ताटाचा दर ठरवताना किमान किती ताटांचे पैसे द्यावेच लागतील आणि अंतिम आकडा किती दिवस आधी कळवायचा, हे विचारा. हॉलच्या भाड्यात वीज, जनरेटर, साफसफाई, खुर्च्या धरल्या आहेत का? वेळ वाढली तर तासाला काय? बाहेरचा केटरर, बाहेरचा सजावटवाला चालतो का? तारीख बदलली किंवा रद्द झाली तर इसारातलं किती परत? कर धरून सांगितलं की वगळून? कमी वाटलेला भाव या प्रश्नांनंतर पुष्कळदा कमी राहत नाही. प्रत्येक गोष्टीसाठी दोन-तीन ठिकाणी विचारा आणि सगळ्यांना तीच यादी द्या, नाहीतर तुलना कशी करणार? पूर्ण पैसे आधी देऊन टाकू नका.

आई, तुझ्यासाठी एक हट्ट आहे. त्या दिवशी तुझ्याकडे कोणतंही काम नसेल. कोण कुठे उतरलंय, जेवण कधी वाढायचं, किल्ल्या कुणाकडे, हे सगळं मामा आणि मावशी बघतील, आणि सजावटवाला किंवा केटरर यांचे फोन मामाला जातील. आत्तापासून मामाला सांगून ठेवलंस तर तो मनापासून करील, त्याला अशी जबाबदारी आवडते. चुलत भावंडांनाही एकेक काम वाटून दे. पैसे देऊन करून घेतलेल्या कामापेक्षा घरच्यांच्या हातचं थोडं वेडंवाकडं झालं तरी छोटीला ते जास्त आवडेल. तू फक्त तिच्याजवळ बस.

छोटी, तुम्ही दोघांनी एक संध्याकाळ काढून, घरच्यांना न सांगता, तुम्हाला सगळ्यात जास्त काय हवंय त्या तीनच गोष्टी लिहा. गाणं असेल, जेवण असेल, फोटो असतील, आणखी काही असेल. त्या तिन्हींवर मोकळ्या हाताने खर्च करू. बाकी जे असेल ते साधं, आणि जे नसेल त्याची कोणाला आठवणही येणार नाही. यात लोक काय म्हणतील हा विचार नको. तो मी आणि बाबा मिळून निस्तरू.

फोटोंचा सगळा खर्च माझ्याकडे, त्यावर वाद नको. तिकीट मी लवकर काढतेय, दोन आठवडे आधी येईन, म्हणजे पत्रिका पोहोचवायला आणि याद्या तपासायला मी घरी असेन. रविवारी फोन करीन तेव्हा दोन्ही याद्यांचे आकडे आणि बाजूला काढलेली रक्कम सांगा, मी इथे हिशेबाचा तक्ता करून ठेवते आणि सगळ्यांना दिसेल असा पाठवते. छोटी, होणाऱ्या नवरदेवालाही माझा नमस्कार सांग. आईचा गुडघा कसा आहे ते खरं खरं लिहा, "बरा आहे" एवढंच नको.

तुमची लेक,
मोठी